घरांतील कुत्र्याचें बस्कर: दुर्गंधीचें कारण व उपाय

घरांत कुत्रें पाळावें कीं पाळूं नये, हा आपल्या एकत्र कुटुंबांतील जुना वाद आहे. मुलांना तें हवें असतें, आजींना तें देवघराच्या उंबरठ्यापाशीं नको असतें, आणि ज्या सुनेवर झाडण्यापुसण्याचा भार पडतो तिचें मत बहुधा कोणी विचारीतच नाहीं. तरी एकदां आलेलें पिल्लूं घरचें होऊन जातें. पुढें दहा-बारा वर्षांनीं तें म्हातारें झालें, झोपेंत त्याचें अंथरूण भिजूं लागलें, बैठकींत वास येऊं लागला, म्हणजे तोच वाद नव्यानें उभा राहतो; आणि या खेपेस त्याचा निकाल अनेकदां त्या मुक्या जिवाला जिन्याखालीं किंवा फाटकाबाहेर बांधण्यांत होतो. धर्मराजानें स्वर्गाच्या दारांतही सोबतच्या कुत्र्याला टाकलें नाहीं, हें आख्यान मुलांना सांगणाऱ्या घरांत असें घडावें, ही गोष्ट आमच्या मनास लागते. म्हणून या लेखांत आम्ही एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा विचार करणार आहों.

बाजारांत पाळीव जनावरांसाठीं ‘पॅड’ या नांवानें एक वस्तु मिळते; तिला आम्ही येथें आपल्या घरच्या शब्दानें बस्कर म्हणूं. महालांतील जुन्या वाड्याला अंगण होतें. तेथें अशा बस्कराची गरज नव्हती. धरमपेठेंत वा प्रतापनगरांत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला ती भासते. विकत मिळणारें बस्कर बहुधा एकदां वापरून फेकण्याचें असतें. त्याच्या पोटांत पाणी शोषून लापशीसारखी होणारी रासायनिक पूड आणि पाठीला प्लॅस्टिक असतें. दिवसाला दोन म्हटलीं तरी वर्षाकाठीं सातशेंहून अधिक बस्करें होतात. नागपूरचा कचरा वर्षानुवर्षें ज्या भांडेवाडीस जात आला, तेथील ढिगांत त्यांची भर पडते. त्यापेक्षां धुऊन पुनःपुन्हा वापरतां येईल असें बस्कर घरींच कां शिवूं नये, असा विचार मनांत येतो. परंतु असें बस्कर पंधरवड्यांतच वासानें नकोसें होतें, अशी तक्रार ऐकूं येते. ती कां होते?

आमच्या मतें तिचें कारण असें कीं, बहुतेक लोक वासाशीं लढतात, त्याच्या उगमाशीं नाहीं. निरोगी कुत्र्याचें ताजें मूत्र फारसें उग्र नसतें. त्यांतील युरिया या द्रव्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. परंतु कापडांतील सूक्ष्म जंतु युरियेझ नांवाच्या पाचक द्रव्याच्या साह्यानें त्याचें विघटन करतात, व त्यांतून अमोनिया वायु मोकळा होतो. नाकाला झोंबतो तो हा अमोनिया. हेंच युरियेझ अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनीं १९२६ सालीं, आपल्या अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून, स्फटिकरूपानें वेगळें केलें. या कार्यासाठीं १९४६ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. जंतूंना आपलें काम करण्यास दोन गोष्टी लागतात, ओल आणि वेळ. त्या दोन काढून घेतल्या कीं वासाचें मूळच तुटतें. मांजराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या मूत्रांत फेलिनीन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य असतें, व तें फुटून निघणारा वास अधिक चिवट असतो.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रचलित उपायांची पारख करतां येते. उदबत्ती किंवा सुवासिक फवारा वास झांकतो, घालवीत नाहीं. डांबराच्या गोळ्या बस्कराखालीं ठेवणें तर धोक्याचें आहे. गिळल्यास त्या कुत्र्यामांजरांना विषारी ठरतात. कोळशाच्या पुडीचें अस्तर घातलेलीं बस्करें हल्लीं मिळतात. परंतु साधा सक्रिय कोळसा अमोनियाला फारसा धरून ठेवीत नाहीं, आणि त्याचीं छिद्रें एकदां भरलीं कीं धुण्यानें तीं पूर्ववत् होत नाहींत. खाण्याचा सोडा स्वतःच सौम्य क्षार असल्यानें त्याच्याकडून अमोनियाचें निवारण होत नाहीं. तें काम आम्लाचें आहे. व्हिनेगर किंवा लिंबाचें सत् अमोनियाशीं मिळून त्याचें न उडणारें लवण करतें, व तें पाण्याबरोबर निघून जातें.

कापडाच्या बाबतींत नागपूरकरांनीं दूर पाहण्याचें कारण नाहीं. भोंवतालच्या कपाशीच्या जोरावर जमशेटजी टाटांनीं १८७७ च्या १ जानेवारीस येथें एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आतां बंद पडली आहे. पण कापसाचें संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९७६ पासून याच शहरांत आहे. या कापसाचा एक गुण गृहिणींनीं जाणून घ्यावा. सरकीपासून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगतो, कारण त्याच्या तंतूवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. क्षाराच्या पाण्यांत उकळून तो काढल्यावरच कापूस पाणी पितो. खळ दिलेलें कोरें कापडही पाणी लवकर घेत नाहीं. शंभरदां धुतलेलें जुनें धोतर किंवा सुती लुगडें मात्र तें चटकन् शोषून घेतें. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठीं आपल्या आज्या जुनेंच लुगडें काढून ठेवीत, त्यामागील शहाणपण हेंच.

परंतु गोधडीचा शिरस्ता येथें जसाच्या तसा चालत नाहीं. गोधडींत सर्व थर धांवदोऱ्यानें एकत्र टांचलेले असतात. बस्कराच्या तळाला पाणी न झिरपणारें कापड लागतें. पूर्वीं त्यासाठीं मेणकापड किंवा रबरी कापड घेत, आज पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढविलेलें मऊ कापड मिळतें. या कापडाच्या मध्यांतून सुई गेली कीं प्रत्येक भोंकांतून पाणी गळतें. शिवाय एकत्र शिवलेला जाड थर बाहेरून वाळला तरी आंतून ओला राहतो. यास्तव बस्कर उशीच्या अभ्र्यासारखें करावें. खालीं न झिरपणारें कापड, वर पातळ सुती कापड. तीन बाजू अगदीं कडेला शिवलेल्या, चौथी उघडी. आंत घालण्यास जुन्या धोतराचे सहा-आठ तुकडे एकाच कडेला टांचावे, म्हणजे वाळवितांना ते वहीच्या पानांसारखे उलगडतील.

त्याची परीक्षाही घरींच होते. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागें साधारण २० ते ४० मिलिलिटर मूत्र होतें. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला २०० ते ४००. तयार बस्करावर २०० मिलिलिटर पाणी ओतावें, आणि दहा मिनिटांनीं कोरडा कागद ठेवून तळव्यानें दाबावें. कागद दमट झाला तर चालेल. चिंब झाला तर आंत आणखी दोन पानें घालावीं. खालची फरशी ओली झाली तर शिवण तपासावी.

भिजलेलें बस्कर रात्रभर बादलींत पडूं देऊं नये. तें प्रथम थंड पाण्यांतून काढावें, मग बादलीभर पाण्यांत वाटीभर व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावें, त्यानंतर साबणानें धुऊन भरपूर पाण्यांत खळबळावें. कापड मऊ करणारीं सुवासिक द्रव्यें टाळावीं. तीं तंतूवर थर धरतात व शोषण कमी करतात. ब्लीचिंग पावडर तर कदापि वापरूं नये. अमोनियाशीं किंवा व्हिनेगरशीं तिचा संयोग झाल्यास श्वासाला घातक वायु निघतो. मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. त्या उन्हांत सुतीं पानें पाहतां पाहतां वाळतात, व ऊन जंतूंचाही नाश करतें. खरी कसोटी आषाढ-श्रावणांत लागते. तेव्हां पानें उलगडून पंख्याखालीं टांगावीं, आणि ओलसर बस्कर कोणत्याही सबबीवर पुन्हा अंथरूं नये. एक अंथरलेलें, एक धुण्यांत, एक दोरीवर व एक कोरडें हाताशीं, अशीं चार बस्करें असावीं. पावसाळ्यांत दोन अधिक.

एक सूचना मात्र विसरूं नये. ताज्याच मूत्राला अमोनियाची घाण येऊं लागली, किंवा कुत्रें एकाएकीं फार पाणी पिऊं लागलें, तर तो बस्कराचा दोष नव्हे. तें दुखण्याचें लक्षण असूं शकतें, व तेथें पशुवैद्यच पाहिजे. नागपुरांत पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे.

आणि हें सर्व धुवावें कोणी? सारें काम घरांतील एका स्त्रीवर किंवा मोलकरणीवर टाकलें, तर उत्तम बस्करही आठवड्यांत बादलींत कुजत पडेल, आणि रोष मात्र कुत्र्यावर निघेल. ज्या मुलांनीं हट्टानें पिल्लूं आणलें, ज्या वडीलमंडळींनीं त्याला सायंकाळीं फिरवून आणलें, त्यांनीं आपापली पाळी बांधून घ्यावी. काम पाव तासाचें आहे. कुत्र्याचें म्हातारपण फार लांबत नाहीं. तेवढा काळ त्याला आपल्या नेहमींच्या कोपऱ्यांत, घरच्या माणसांचे आवाज ऐकत काढतां यावा, यासाठीं चार जुनीं धोतरें आणि घरांतील तीन-चार माणसांची पाळी एवढी सामग्री पुरेशी आहे.