हप्ते थकले, तरी गाडी उचलून आणू नका
इंग्लंडमध्ये ओळखीच्या माणसाला जुनी गाडी हप्त्यांवर विकली आणि त्याने पैसे देणे थांबवले, तर दुसऱ्या किल्लीने ती परत आणण्याचा मोह टाळावा. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याचीच, असे ठरलेले नसेल, तर गाडी बहुधा खरेदीदाराची झालेली असते. विक्रेत्याकडे उरते ती केवळ थकबाकी. लॉगबुकवरील नाव हा मालकीचा पुरावा नव्हे.

प्रथम थकबाकी आणि मुदत नमूद करणारे पत्र पाठवावे. दाद न मिळाल्यास १०,००० पौंडांपर्यंतचा दावा ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये वकिलाविना ऑनलाइन दाखल करता येतो.

मालकीची अट लेखी असली, तरी खरेदीदाराने ती गाडी अनभिज्ञ तिसऱ्याला विकल्यास १९६४च्या हायर-पर्चेस कायद्यानुसार ती हातची जाऊ शकते. म्हणून किल्ली शेवटच्या हप्त्यानंतरच द्यावी.