पाणी उकळले, तरी धातू जात नाही

सातपूर वसाहतीकडून येणारा चिखली नाला गंगापूर रोडच्या बाजूने गोदावरीला मिळतो. वसाहतीत धातूंना मुलामा देणारे कारखाने आहेत. त्या कामात क्रोमियम, निकेल लागते. सांडपाणी प्रक्रियेविना सुटले की हे विष नाल्यात उतरते.

माता-भगिनींनो, पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू तसाच राहतो. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम नसावे. तेव्हा नाल्यावर पिकलेली पालेभाजी टाळा, काठच्या विहिरीचे पाणी तपासून घ्या.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो हक्क शुद्ध पाण्याचाही आहे. वस्तीने एकजुटीने तपासणीची लेखी मागणी करावी. जयभीम!