वकिलीची सनद आणि पोटाचा प्रश्न

मुलाने वकील व्हावे की नाही, हा प्रश्न आता हरसूलच्या घरांतही विचारला जातो. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांतील मुले आश्रमशाळांतून निघून नाशिकच्या महाविद्यालयांत पोचली आहेत. पदवी हाती आल्यावर पुढे काय, ह्या विचारात कायद्याचे नाव निघते. तेव्हा ह्या व्यवसायात शिरणाऱ्याची पहिली वर्षे कशी जातात, हे आईबापांनी नीट समजून घेतले पाहिजे. मी स्वतः वकील नाही. संघटनेच्या कामापायी कायद्याची पुस्तके वाचावी लागली आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बरीच वर्षे बसावे लागले. तेथून जे दिसले ते सांगतो.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत २०१० साली कायद्याच्या विद्यालयांत प्रवेश मागणारे सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार होते. २०१५ साली ते चोपन्न हजारांच्या आसपास आले. २००८ च्या मंदीनंतर मोठमोठ्या वकिली कचेऱ्यांनी माणसे कमी केली आणि नव्यांची भरती रोखली. शिक्षणासाठी काढलेले कर्ज मात्र डोक्यावर तसेच राहिले. विद्यार्थ्यांनी हिशेब केला आणि पाठ फिरविली. नंतर आकडे पुन्हा चढले. पण हिशेब जमत नाही असे दिसले की नामांकित व्यवसायाकडेही तरुण फिरकत नाहीत, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे चित्र वेगळे दिसते. येथे महाविद्यालये इतकी निघाली की, नवी काढू देऊ नयेत असा तीन वर्षांचा निर्बंध बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये घातला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा घातला. येथे माणसे गळतात ती दाराबाहेर नव्हे, आत आल्यावर. पदवी घेतात, सनद घेतात, काळा कोट शिवतात आणि दोन-तीन वर्षांनी तो खुंटीला टांगून दुसरे काम पाहतात. ही गळती प्रवेशाच्या आकड्यांत दिसत नाही.

ती का होते? सनद मिळाल्यावर अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मग एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी. सकाळी फाइली लावायच्या, दिवसभर कोर्टात तारखा घ्यायच्या, संध्याकाळी मसुदे लिहायचे. महिनाअखेरीस मिळेल ते घ्यायचे. काही ठिकाणी बसभाड्यापुरते, काही ठिकाणी तेही नाही. वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि जाहिरात करून अशील मिळविता येत नाहीत, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते केले असतील. परंतु ज्याच्या घरी शेत, दुकान किंवा वडिलांची वकिली नाही, त्याला ते दोन्ही बाजूंनी बांधून टाकतात.

येथे एक तुलना करावीशी वाटते. वकिलांचा कायदा १९६१ चा. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही १९६१ चाच. त्या दुसऱ्या कायद्याप्रमाणे सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून जाणाऱ्या मुलाला दरमहा विद्यावेतन द्यावेच लागते. त्याच शहरात कोर्टात उमेदवारी करणाऱ्या पदवीधराला असे हक्काचे वेतन नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले, की कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. न दिल्यास काही होत नसेल, तर अशा किमान वेतनाला संघटनेच्या भाषेत वेतन म्हणत नाहीत.

ही अडचण आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन १९२३ साली परत आले, तेव्हा मुंबईत सनद घेण्यासाठी लागणारी रक्कम त्यांच्याजवळ नव्हती. नवल भाथेना ह्या मित्राने ती दिली. पुढेही केवळ वकिलीवर भागेना, म्हणून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाची ही गत, मग इतरांची काय सांगावी?

सनदेच्या फीबाबत आता एक चांगली गोष्ट घडली आहे. राज्यांच्या बार कौन्सिली निरनिराळ्या नावांखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत रक्कम घेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला, की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी फी घेता येणार नाही. हरसूलच्या प्रत्येक घराने हा १२५ चा आकडा लक्षात ठेवावा. दुसरा निर्णय मात्र वजन वाढविणारा आहे. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. अनुभव हवा, हे खरेच. पण ती तीन वर्षे खायचे काय, हा प्रश्न गरिबाच्या मुलापुढे अधिकच मोठा झाला.

आता ह्याची दुसरी बाजू पाहू. वकील जास्त झाले म्हणतात. मग आपल्याकडे ते कोठे आहेत? वनहक्काचा कायदा २००६ चा. ग्रामसभेने दावा तपासायचा, मग तो उपविभागीय समितीकडे आणि जिल्हा समितीकडे जायचा. निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची. ही साठ दिवसांची मुदत किती दावेदारांना वेळेवर कळते? कळली तर कारणे मांडून अर्ज कोण लिहून देतो? मार्च २०१८ मध्ये ह्याच हक्कासाठी हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यातच तो स्थगित केला. तेवढ्या दिवसांत पाड्यापाड्यांवर माणसे धास्तावली. द्राक्षबागेत राबून मजुरी बुडालेल्या माणसाचेही तेच. बुडालेली रक्कम चार हजार, आणि नाशिकला खेपा घालण्यातच निम्मी संपते. म्हणजे काम नाही असे नव्हे. काम ढीगभर आहे, ते करवून घेणाऱ्याच्या खिशात फी नाही.

ह्यावर सरकारी सोय आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी जिल्ह्यांत पूर्णवेळ मानधनावर बचाव वकील नेमण्याची योजनाही सुरू झाली. नव्या वकिलाला ही एक उभी राहण्याची जागा आहे. परंतु ती फौजदारी कामापुरती आहे. जमिनीच्या व मजुरीच्या कामांसाठी अशीच नेमणूक तालुक्याला व्हावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

मागणी पुरी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. कामगार संघटना वर्गणीवर चालते, तोच उपाय येथे लागू पडतो. पाचशे कुटुंबांनी दरमहा तीस रुपये काढले तर पंधरा हजार होतात. बार कौन्सिलने ग्रामीण कनिष्ठ वकिलासाठी सुचविलेली रक्कम नेमकी एवढीच आहे. नोकरी म्हणून नव्हे, तर कामाचे ठरलेले मानधन म्हणून ती द्यावी. त्या वकिलाने बाजाराच्या दिवशी हरसूलला बसावे, दावे वाचावे, अर्ज लिहावे, मुदती सांभाळाव्या. हिशेब दर तिमाहीला सभेपुढे ठेवावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

मुलाला कायदा शिकवू इच्छिणाऱ्या पालकांनी म्हणून तीन गोष्टी आधीच विचाराव्या. पदवीनंतर तीन वर्षे घर त्याला सांभाळू शकेल काय? ज्या ज्येष्ठाकडे तो जाणार, तो दरमहा किती देणार, हे आधी ठरले आहे काय? आणि त्याच्या शिक्षणाची गरज असलेली माणसे त्याला मानधन देण्यासाठी एकत्र येतील काय? पहिल्या दोहोंची उत्तरे एकेका घराने द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर गावाने द्यायचे आहे, आणि ते "होय" असे मिळाले तर पहिली दोन उत्तरे पुष्कळच सोपी होतील.