चर्चसाठी व्हॅक्यूम घेताय? वॉट नव्हे, मोटर बघा

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा ह्युबर्ट बूथच्या व्हॅक्यूमने साफ झाला होता. आपल्या गव्हाण-उलवे पट्ट्यात गालिचे कमी, धूळ भरपूर: बांधकामांची, बंदराकडे पळणाऱ्या कंटेनर-ट्रेलरची. चर्चच्या हॉलला घरगुती मशीन नकोच; फिल्टर चोंदतो, मोटर तापते.

३० लिटरच्या आसपासचं वेट-अँड-ड्राय घ्या आणि दुकानदाराला आधी विचारा, ‘बायपास मोटर आहे का?’ तिला थंड करणारी हवा वेगळी असते, ओढलेली धुळीची हवा मोटरीतून फिरत नाही. म्हणून ती टिकते. कार्बन ब्रश बदलून मिळतात का, सर्व्हिस पनवेलला आहे का, हेही विचारा.

बाकांखाली शिरेल असा चपटा नोझल हवा. मेणबत्तीचं मेण मात्र आधी खरवडा. गरम असताना ओढलंत तर पाइपात चिकटलंच! आणि पावसाळ्यात पाणी ओढण्याआधी कागदी पिशवी काढा.