ज्ञानी राजा आणि त्याचे घर

कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याला स्पेनमध्ये ‘एल साबिओ’, म्हणजे ज्ञानी, असे म्हणतात. त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी मारियाना नावाच्या जेझुइट इतिहासकाराने त्याच्यावर एक शेरा मारला. राजा ग्रह-तारे न्याहाळीत बसला आणि पायाखालच्या भूमीला मुकला, असा त्याचा भावार्थ. ऐकावयास हे गोड वाटते, म्हणून ते पसरले. परंतु या राजाचे राज्य गेले ते ताऱ्यांपायी नव्हे. ते त्याच्या घरात गेले, आणि कसे गेले हे पाहण्याजोगे आहे.

आल्फोन्सोचा जन्म २३ नोव्हेंबर १२२१ रोजी तोलेदो येथे झाला. वडील तिसरे फर्नांदो हे मोठे विजेते. १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिल ही मुसलमानी अमलाखालची नामांकित नगरे त्यांनी घेतली. आई बेआत्रिस जर्मन सम्राटांच्या घराण्यातली, फ्रेडरिक बार्बारोसाची नात. हे आजोळ पुढे फार महागात पडले. आईच्या नात्याने आल्फोन्सोने सम्राटपदावर हक्क सांगितला आणि १२५७ मध्ये काही निर्वाचकांनी त्याला निवडलेही. इतरांनी इंग्लंडच्या राजाचा भाऊ रिचर्ड याला निवडले. आल्फोन्सोने जर्मनीत कधी पाऊल ठेवले नाही, पण अठरा वर्षे त्या मुकुटासाठी कास्तीलचा पैसा ओतला. कर वाढले, नाणे हिणकस झाले, आणि १२७२ मध्ये सरदार बंड करून उठले. त्यांत राजाचा सख्खा भाऊ फेलिपे हाही होता.

आता विद्येकडे वळू. तोलेदोत अरबी, हिब्रू व लॅटिन जाणणारे पंडित एकत्र नांदत. येहुदा बेन मोशे आणि इसाक बेन सिद या दोन यहुदी ज्योतिर्विदांकडून राजाने ग्रहगणिताची कोष्टके करविली. ‘आल्फोन्सी कोष्टके’ या नावाने ती पुढे युरोपभर चालली. कोपर्निकसच्या संग्रहीही त्यांची छापील प्रत होती. अरबीतील ग्रंथ लॅटिनऐवजी लोकांच्या कास्तीली भाषेत उतरविण्याचा आग्रह राजाचाच, आणि स्पॅनिश गद्याचा पाया घातला गेला तो येथे. कुमारी मेरीच्या स्तुतीची चारशेंहून अधिक गीते त्याने रचली व रचविली.

त्या भाषांतरांत आपल्या ओळखीचे एक पुस्तक आहे. राज्यावर येण्यापूर्वीच, १२५१ च्या सुमारास, आल्फोन्सोने ‘कलिला आणि दिमना’ हे अरबीतून कास्तीलीत आणविले. कलिला आणि दिमना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक! पहलवी, अरबी अशी वळणे घेत ही दोन कोल्ह्यांची जोडी तेथवर पोचली होती. दोनच वर्षांनी, १२५३ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ फाद्रिके याने तशाच घाटाचा दुसरा कथासंग्रह अरबीतून करवून घेतला. त्यात खोट्या आळावरून राजा स्वतःच्या मुलाला देहान्ताची शिक्षा फर्मावतो आणि शहाणे मंत्री एकेक गोष्ट सांगून ती शिक्षा लांबणीवर टाकतात. १२७७ मध्ये याच फाद्रिकेला आल्फोन्सोने चौकशीवाचून ठार करविले. बखरीत त्याचे कारण स्पष्ट दिलेले नाही. मित्रभेदाच्या कथा वाचलेल्या राजाने हे केले, याचा उलगडा करावयाचा तर त्या सुमारास घरात काय पेटले होते ते पाहिले पाहिजे.

राणी व्हियोलान्ते आरागॉनच्या राजाची मुलगी. तिचा थोरला मुलगा फर्नांदो, याचे लग्न फ्रान्सच्या नवव्या लुईच्या मुलीशी झालेले. १२७५ मध्ये राजा सम्राटपदाचे अखेरचे बोलणे करण्यास फ्रान्सच्या दक्षिणेस पोपकडे गेला होता आणि तेथे त्याला तो हक्क सोडावा लागला. त्याच उन्हाळ्यात मोरोक्कोची फौज समुद्र ओलांडून आली, आणि तिच्यावर चालून जात असता फर्नांदो वाटेतच वारला. वय अवघे एकोणीस. मागे दोन लहान मुले.

वारस कोण? वारलेल्या थोरल्याचा मुलगा, की हयात असलेला दुसरा मुलगा सांचो? कास्तीलचा जुना रिवाज सांचोच्या बाजूचा होता. पण राजाने स्वतः करविलेल्या ‘सिएते पार्तिदास’, म्हणजे ‘सात भाग’, या कायद्याच्या ग्रंथात नातवाचा हक्क नोंदविलेला होता. सांचो तरणाबांड, मोरोक्कोच्या फौजेशी तोच झुंजला होता. राजाने अखेर त्याला वारस मानले. तेव्हा १२७८ मध्ये राणी व्हियोलान्ते नातवंडांना घेऊन आरागॉनला, आपल्या भावाकडे, निघून गेली. भावाने त्या मुलांना आश्रय दिला खरा, पण पटावरची प्यादी म्हणून अडकवूनही ठेवले. सुनेचे माहेर फ्रान्स, तेही खवळले. राजाने तडजोड म्हणून थोरल्या नातवाला एक छोटे राज्य तोडून देण्याचे ठरविले, तर सांचो बिथरला. मला वाटते, राजाची खरी चूक ही की त्याने आपला कायदाही पुरता पाळला नाही आणि रिवाजही पाळला नाही.

१२८२ मध्ये व्हालादोलिद येथे जमलेल्या सभेने न्याय, किल्ले आणि महसूल हे सारे अधिकार सांचोच्या हाती दिले. राजाला उरली ती पदवी. राणी एव्हाना परतून सांचोला मिळाली होती, आणि राजाचा भाऊ मानुएल हाही तिकडेच. राजाच्या पाठीशी सेव्हिल राहिले, आणि विवाहाबाहेर झालेली त्याची मुलगी बेआत्रिस, पोर्तुगालची विधवा राणी, ती बापाकडे येऊन राहिली. हक्काचे सर्व पांगले असता नाव नसलेली लेक जवळ उरली. ज्या मोरोक्कोच्या सुलतानाशी पूर्वी लढाई झाली, त्याच्याकडेच राजाने मदत मागितली. त्यासाठी मुकुट गहाण टाकला असे बखर सांगते. अशा दिवसांत, १२८३ मध्ये, सेव्हिलला त्याने बुद्धिबळ, फासे व सोंगट्या यांवरचा सचित्र ग्रंथ पुरा करविला. त्याचा आरंभ हिंदुस्थानातल्या एका राजाच्या कथेने होतो. माणसाला बुद्धी तारते की दैव, असे तो राजा तीन शहाण्यांना विचारतो.

४ एप्रिल १२८४ रोजी आल्फोन्सो सेव्हिलला वारला. मृत्युपत्रात सांचोला वारसा नाकारलेला होता, तरी सांचोच राजा झाला. ‘सात भाग’ ग्रंथाला कायद्याचे बळ मिळाले ते १३४८ मध्ये, आल्काला येथील सभेत. ते देणारा राजा अकरावा आल्फोन्सो हा सांचोचाच नातू होता.