भेगांतून उतरणारा पाऊस

मे महिन्यात मलकापूरच्या काळ्या रानात पाय जपून टाकावा लागतो. हात सहज आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्यांतून थेट खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तेच रान पाणी वर साचवून धरतं. विहिरीला पाऊस नेमका किती मिळाला, हे संगणकाला विचारलं की गाडी इथेच अडते.

खालचा भाग त्या मानाने सोपा. पूर्णा नदीच्या गाळात वाळू, गोटे आणि चिकणमातीचे थर आहेत. भूजलपातळीखाली त्यांतली सगळी छिद्रं पाण्याने भरलेली. तिथे फ्रान्सच्या हेन्री डार्सीचा १८५६चा नियम पुरतो: पातळीचा उतार आणि थराची पारगम्यता यांवरून प्रवाह निघतो. शिवाराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात आलेल्या-गेलेल्या पाण्याचा हिशेब जुळवायचा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची १९८४ची मॉडफ्लो ही प्रणाली हेच करते.

खरी कटकट वर, वाफशाच्या थरात. तिथे छिद्रांत पाणीही असतं आणि हवाही. माती वाळत गेली की तिची पाणी वाहून नेण्याची क्षमता हजारो पटींनी घटते. म्हणजे ओल कळल्याशिवाय प्रवाह काढता येत नाही आणि प्रवाहाशिवाय ओल. लोरेन्झो रिचर्ड्‌सने १९३१ मध्ये मांडलेलं समीकरण सोडवताना म्हणून अंदाज घ्यायचा, तपासायचा, पुन्हा सुधारायचा. कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की चौकोन काही सेंटिमीटरांचे आणि काळाचे टप्पे मिनिटा-सेकंदांचे घ्यावे लागतात.

तेही समीकरण भेगा ओळखत नाही. त्यामुळे अभ्यासक एकाच जागी दोन माती कल्पितात, ढेकळांची आणि भेगांची, आणि त्यांच्यातली देवाणघेवाण मोजतात. पण भेग किती ओलीला किती मिटते, हे रानातच मोजावं लागतं. ते न मोजता छापलेल्या रंगीत नकाशांवर माझा फारसा विश्वास नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी हे संगणकी प्रतिमान जुळवता येतं. मात्र भेगांतून भरभर आणि मातीतून सावकाश, अशी दोन्ही गणितं विहिरीत सारखीच पातळी दाखवू शकतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारं भूजल असलेल्या भागात, हा फरक जिव्हाळ्याचा आहे: सावकाश झिरपणारं पाणी मातीतले क्षार धुऊन खाली नेतं, भेगेतलं बरंचसं त्यांना बगल देतं. पातळीसोबत पाण्याची क्षारताही मोजली, तर दोहोंपैकी चुकीचं गणित पकडता येतं.