सायकलचा रंग आणि त्याखालचे लोखंड

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पावसाचे मान थोड्याच अंतरात फार बदलते. भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूला पावसाळाभर धुके आणि सततची रिपरिप. पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे पाऊस त्या मानाने फारच थोडा. साहजिकच घाटाकडच्या गावातली सायकल लवकर गंजते. मात्र याचे कारण पाऊस किती पडला हे नसून लोखंड किती काळ ओले राहिले हे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरू लागतो. पाण्याचा थेंब दिसावा लागतो असे नाही. डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पुरतो.

जुनी सायकल नीट पाहिली तर गंज उघड्या, सपाट भागावर कमी आढळतो. तो मडगार्डच्या पट्टीखाली, कॅरिअरच्या क्लॅम्पखाली, नळ्यांच्या जोडांत आणि फुगलेल्या रंगाखाली लपलेला असतो. असे का, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने दाखवले. हा प्रयोग वर्गात सहज होतो. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घाला. पॉलिश पेपरने घासलेल्या पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. काही वेळाने मध्यभाग निळा आणि कडा गुलाबी होते. दोहोंच्या मध्ये तपकिरी कडे उमटते.

थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. तेथे ऑक्सिजन, पाणी आणि लोखंडातून आलेले इलेक्ट्रॉन मिळून अल्क तयार होते. म्हणून गुलाबी रंग. मध्यभागी ऑक्सिजन तोकडा पडतो आणि तेथले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते. निळा रंग ही त्याची खूण. म्हणजे गंज एका जागी दिसतो आणि खड्डा दुसरीकडेच पडतो! क्लॅम्पखालची कोंदट जागा म्हणजे या थेंबाचा मध्यभाग.

रंगाला ओरखडा गेला की दुखणे वाढते. ओरखड्यात लोखंड विरघळते, शेजारच्या रंगाखाली अल्क तयार होते आणि अल्काने तेलरंगाचा चक्क साबण होऊ लागतो. पकड सुटते. त्यात गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो रंगाला खालून उचलतो. अशा गंजावरच नवा रंग फासला तर रंग गंजाला चिकटतो, पण गंज लोखंडाला चिकटलेला नसतो. शिवाय त्याच्या भोकांत ओल आणि क्षार दडून राहतात. म्हणून रंगकामाचे खरे श्रम ब्रशचे नसून खरवडण्याचे आहेत.

चाके, चेन, पेडल, ब्रेक काढून फ्रेम आणि चिमटा मोकळा करावा. छर्रे डबीत मोजून ठेवावेत. फ्रेम रॉकेलने धुऊन ग्रीस काढावे. मग खरवडणे, आणि इथे शिक्षकांनी फार सावध राहिले पाहिजे. जुन्या रंगात शिसे असू शकते. लोखंडावर पूर्वी लावत ते तांबूस-केशरी अस्तर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, अर्थात पारंपरिक शेंदूरच. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये होऊन २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री कोण देणार? शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तिचे सुरक्षित असे प्रमाण माहीत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घराबाहेर, खाली प्लॅस्टिक अंथरून घासावे, चोथा गोळा करावा, हात धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. हे काम मोठ्यांनीच करावे; कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती देऊ नये.

घासलेले लोखंड लगेच पुसून वाळवावे आणि थिनरच्या फडक्याने स्वच्छ करावे. त्यानंतर तळहात लावू नये, घामात मीठ असते. रेड ऑक्साइड प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. यातले लाल द्रव्य लोहाचेच ऑक्साइड, म्हणजे गेरूचा भाऊबंद. शेंदराशी त्याचा संबंध नाही.

पुढे एनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये दिवसभराची उसंत. तेलयुक्त एनॅमल केवळ थिनर उडून वाळत नाही. त्यातील तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट जाळे विणते. करडईच्या तेलाच्या बाटलीचे तोंड चिकट होते, ती याच क्रियेची सुरुवात. जाड थर दिला तर वरची साय आधी धरते, आतला भाग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. दमट दिवस आणि दव पडणारी पहाट टाळावी.

रंगाशिवायही लोखंड टिकवता येते. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ३० अँटेनांचा व्यास प्रत्येकी ४५ मीटर. त्यांच्या तबकड्यांवरची जाळी केवळ ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारेची आहे. एवढ्या तारेला गंज चढला तर उरणार काय? म्हणून ती स्टेनलेस स्टीलची. त्यातील क्रोमियम स्वतःवर ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच धरते आणि ओरखडा गेला तर ते पुन्हा आपोआप तयार होते. सायकलच्या रंगाला हे जमत नाही.

शाळेसाठी एक प्रयोग सुचवतो. नव्या, बिनरंगाच्या पत्र्याच्या तीन पट्ट्या घ्या. पहिली मुद्दाम गंजवून तिच्यावर रंग द्या. दुसरी घासून नुसता रंग. तिसरी घासून प्रायमर आणि रंग. तिघींवर खिळ्याने फुलीचा ओरखडा ओढून मृगापासून हस्तापर्यंत उघड्यावर टांगा. खंडेनवमीला सायकली पुजायला काढाल तेव्हा फुलीपासून गंज रंगाखाली किती मिलिमीटर सरकला ते मोजा. घाटाकडची एक शाळा आणि मंचरकडची एक शाळा यांनी हे एकाच वर्षी केले, तर आकडे ताडून पाहता येतील.